बारडोलीची जमीन आणि न विचारलेला प्रश्न

सुरतेत पर्वत पाटियाला दुसऱ्या मजल्यावर माझं ऑफिस होतं. खाली साड्यांच्या घड्या घालून खोकी भरायचं काम चाले. वर माझी दोन टेबलं, चार कपाटं आणि कुरकुरणारा पंखा. नवा माणूस दार ढकलून आत आला की आधी माझ्याकडे बघायचा, मग माझ्या मागच्या भिंतीकडे, आणि मग विचारायचा, "साहेब क्यारे आवशे?" साहेब कधी येणार, असं.

"हुं ज साहेब छुं," मी म्हणायचे. "बेसो."

काही बसायचे. काही "पछी आवुं छुं" म्हणत जिना उतरायचे आणि पुन्हा कधी दिसायचे नाहीत. जे बसले त्यांच्या जोरावर माझा संसार झाला आणि दोन भावांची शिक्षणं झाली. मागच्या वर्षी ऑफिस बंद केलं. आता सकाळी उठल्यावर कुठल्याही तारखेची धास्ती नसते, याचं अजून नवल वाटतं.

मी करसल्लागार. सी.ए. नाही. बी.कॉम. केलं, मग वकिलीची परीक्षा दिली आणि देसाईवकिलांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रं भरायची, नोटीस आली की उत्तर लिहायचं आणि घाबरलेल्या माणसाला पाणी द्यायचं. शेवटचं काम कुठल्या पुस्तकात नाही, पण निम्मा वेळ त्यातच जातो.

माझे वडील अमळनेरकडचे. बमरोलीत मागावर उभं राहून त्यांनी आम्हाला वाढवलं. आई आयुष्यभर अहिराणीशिवाय दुसरी भाषा बोलली नाही. मी वकिलांकडे जायला लागल्यावर तिने एकदा पोळ्या लाटता लाटता विचारलं, "तू दिनभर काय करस, ते माले सांग."

"लोकांचा कर वाचवते."

लाटणं थांबलं. "म्हंजे चोरी?"

मी हसले, पण प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सुरतेच्या बाजारात या दोन्ही गोष्टींना एकच वाक्य आहे. व्यापारी येतो आणि म्हणतो, "जरा सेट करी आपो ने, बेन." त्याला नेमकं काय हवंय हे त्याच्या वाक्यावरून कळत नाही. कायद्याने जी सूट दिली आहे ती नीट मागून घ्यायची, हेही 'सेट' करणंच, आणि खोटी बिलं लावून नफा गिळून टाकायचा, हेही 'सेट' करणंच. पहिल्याने कर वाचतो, दुसऱ्याने चोरला जातो. दोन्हींत भरायची रक्कम कमीच होते, म्हणून लोकांना फरक दिसत नाही. पहिल्यात तुम्ही जे केलं ते सगळंच्या सगळं अधिकाऱ्यासमोर ठेवता आणि म्हणता, हे मी असं केलं, या कलमाखाली केलं. दुसऱ्यात काहीतरी एक कागद कपाटात राहतो. देसाईवकील तर माणूस कसा बसतो त्यावरून ओळखायचे. ज्याला कर वाचवायचा असतो तो खुर्चीत मागे टेकून बसतो आणि मोठ्याने बोलतो. ज्याला चोरायचा असतो तो आधी खुर्ची पुढे ओढतो.

एकदा एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन नोकरदार आले. दोघं आईच्या घरात राहत होते आणि दोघांनी आईला भाडं दिल्याचं दाखवून करात सूट मागितली होती. पहिल्याने आईच्या खात्यात दर महिन्याला भाडं भरलं होतं आणि ते भाडं आईच्या विवरणपत्रात दाखवलं होतं. आईचं उत्पन्न कमी, म्हणून तिला कर लागला नाही. याला म्हणायचं वाचवणं. आईला भाडं कसलं देतोस म्हणून नाक मुरडायचं तर मुरडा, पण कायद्यात बसतं आणि पैसे खरोखर आईच्या हातात जातात. दुसऱ्याच्या बारा पावत्या मी बघितल्या. प्रत्येकीवर आईची सही, आणि दर महिन्याला सही थोडी सुधारत गेलेली.

"आईला एकदा घेऊन या," मी म्हटलं.

तो खाली बघत म्हणाला, "आई दोन वर्षांपूर्वी वारली, बेन."

मी त्या पावत्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि सुधारित विवरणपत्र भरायला लावलं. कर आणि व्याज भरून तो सुटला. जाताना माझ्यावर रागावलेला होता, पण पुढच्या वर्षी परत आला.

अशा गोष्टी सांगायला मजा येते, कारण त्यांत मी शहाणी ठरते. आता जी सांगणार आहे तिच्यात मी शहाणी नव्हते.

पवारबाई सुरतेच्या एका मराठी शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्त झालेल्या. त्यांचं पेन्शनीचं विवरणपत्र मी दरवर्षी भरत असे. दहा मिनिटांचं काम. त्या टापटीप कागद घेऊन यायच्या, सगळे एका पिशवीत, तारखेप्रमाणे लावलेले. होळीच्या थोडं आधी त्या आल्या तेव्हा पिशवी छातीशी धरलेली होती. बसल्या आणि खुर्ची पुढे ओढली.

"ताई, बारडोलीजवळची जमीन विकायची आहे."

ही जमीन त्यांच्या माहेरची. पणजोबा गायकवाडांच्या चाकरीत इकडे आले, तेव्हापासून घराणं इथलंच. वडील गेल्यावर जमीन एकुलत्या एक मुलीच्या नावावर झाली. ऊस लावलेला असे आणि एक शेजारी शेतकरी वाट्याने करायचा. आता गिऱ्हाईक आलं होतं. पवारबाईंच्या दिरांचा मुलगा नितीन जमिनीची दलाली करायचा, त्यानेच आणलेलं.

"नितीन म्हणतो, दस्तावर सरकारी दराने किंमत लिहायची, तेवढा चेक. बाकीचे रोख. म्हणजे कर थोडाच लागेल. चालेल का हो?"

शहरापासून दूर असलेल्या शेतजमिनीच्या विक्रीवर कर नसतो. पण बारडोली वाढत वाढत बाईंच्या उसाच्या बांधापर्यंत आलेली. नगरपालिकेच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या आत असली की तीच जमीन करपात्र होते. आणि जमीन पूर्वापार चालत आलेली, तिची जुनी किंमत नगण्य, म्हणजे विक्रीतला जवळजवळ सगळाच पैसा नफा धरला जाणार. कर मोठा होता.

मी काय केलं, तर भाषण दिलं. रोख घेतल्यावर काय काय होऊ शकतं, किती दंड बसू शकतो, नोटीस कशी येते, म्हातारपणी कुठे कुठे खेटे घालावे लागतात. "बाई, तुम्ही मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलंत आणि आता हे?" असंही बोलून गेले. ते वाक्य आठवलं की आजही अंग चोरून बसावंसं वाटतं.

पवारबाईंनी कागद गोळा केले, "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. मला वाटलं, पटलं. संध्याकाळी मी स्वतःवर खूशही होते.

तीन आठवड्यांनी कपाट आवरताना त्यांच्या जमिनीचा एक जुना उतारा माझ्याकडेच राहिलेला दिसला. मूळ प्रत होती. फोन केला, लागला नाही. दुपारी मला उधन्याला काम होतंच, म्हणून देऊन येऊ म्हटलं. त्यांचं घर तिथेच, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. पायऱ्या अरुंद आणि उंच. दोनदा थांबून मी वर पोचले.

दार उघडंच होतं. गॅलरीत खुर्चीवर पवारमास्टर बसलेले. हे बाईंचे यजमान. पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये कलर मास्टर होते. कापडाला कुठला रंग किती लागेल ते नुसतं बघून सांगायचे अशी त्यांची ख्याती. मणक्याच्या आजाराने पाय गेले होते. वॉकर धरून घरातल्या घरात चालत, पण पायरी उतरणं शक्य नव्हतं.

"या या, टॅक्सवाल्या ताई ना? ही नाहीये घरी. बसा."

मी उतारा दिला. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि खाली रस्त्याकडे बोट केलं. "ती केळ्याची गाडी बघितलीत? सकाळपासून तिसऱ्यांदा भाव वाढवला त्याने. मी वरून ऐकतो सगळं."

"तुम्ही खाली जात नाही कधी?"

"चार वर्षं झाली. शेवटचा उतरलो तो दवाखान्यासाठी. चौघांनी खुर्चीसकट उचललं. एकाचा पाय घसरला. त्यानंतर हिला म्हटलं, आता मला उचलायचं ते एकदाच."

मग त्यांनीच चेहरा हसरा केला. "पण आता सुटणार बघा. तळमजल्यावरचं घर बघितलंय हिने. पुढे ओटा आहे, गेटापर्यंत सपाट. ती जमीन विकायची आणि ते घर घ्यायचं. आज दस्त आहे बारडोलीला. नितीन घेऊन गेलाय तिला."

"घर घेणार आहात? जमिनीच्या पैशातून?"

"मग कशाला विकली असती? वडिलांची जमीन, जीव आहे तिचा तिच्यावर."

जमीन किंवा असली मालमत्ता विकून येणारे पैसे माणूस ठरावीक मुदतीत राहत्या घरात घालत असेल, तर जेवढे घरात घातले तेवढ्या प्रमाणात कर माफ होतो. यात काही छुपी युक्ती नाही. कायद्यात उघड लिहिलेलं आहे आणि माझ्या धंद्यातल्या कुणालाही झोपेत विचारलं तर सांगेल. राहतं घर मास्टरांच्या नावावर होतं, बाईंच्या नावावर एकही नव्हतं, त्यामुळे तीही अडचण नव्हती. सरकार बाईंकडे जो कर मागतच नव्हतं तो चुकवायला त्या बारडोलीला गेल्या होत्या, आणि तो चुकवताना जन्मभराची भीती विकत घेणार होत्या. मी त्यांना कलमं ऐकवली, दंड ऐकवला, आणि पैसे कशाला हवेत एवढं एक विचारलं नाही.

"मास्टर, त्यांचा फोन का लागत नाही?"

"तिथे आत फोन बंद ठेवायला सांगतात. का? काय झालं?"

"काही नाही. चांगलंच झालंय. येते मी."

जिना कसा उतरले ते आठवत नाही. रिक्षाने कडोदऱ्यापर्यंत गेले. तिथून बारडोलीला इको गाड्या सुटतात, पण सीटा भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही. मी बसल्यावरही दोन जण कमी होते. मी त्याला म्हटलं, तीन सीटांचे पैसे मी देते, चल. तो माझ्याकडे बघत राहिला. "बेन, कोई मांदुं छे?" कुणी आजारी आहे का, असं त्याला विचारायचं होतं. मी "हा" म्हटलं. खोटं बोलले. त्या दिवशी तेवढं एक.

नोंदणी कार्यालयाच्या बाहेर बाकावर पवारबाई बसल्या होत्या. नवी इस्त्रीची साडी, मांडीवर तीच पिशवी. शेजारी नितीन, आणि पलीकडे जमीन घेणारे गृहस्थ, पायाशी रेक्झिनची बॅग.

"ताई, तुम्ही? इथे?"

"सही झाली का?"

"अजून तीन नंबर आहेत पुढे."

मला धाप लागली होती. मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "बाई, हे पैसे तुम्हाला कशाला हवेत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की शाळेत पोरं का गप्प बसत असतील ते मला कळलं.

"हे आता विचारताय?"

"हो. त्या दिवशी विचारायला हवं होतं. चुकले मी. सगळी किंमत दस्तात लिहा, सगळी बँकेत घ्या आणि घरात घाला. जेवढे घरात जातील तेवढ्यावर कर नाही. कायदाच तसा आहे."

"नाही म्हणजे? अजिबात नाही?"

"उरतील त्यावर थोडा लागेल. बाकी नाही."

नितीन उठून उभा राहिला. पोरगा वाईट नव्हता. काकांना उचलणाऱ्या चौघांत तोही होता, हे मला नंतर कळलं. "ताई, आता मध्ये पडू नका. सौदा ठरलाय. दोन महिने खपलोय मी याच्यामागे."

"नितीन, घर कुणाचं घेताय?"

"सोमणांचं. बँकेतून रिटायर झालेत. पुण्याला मुलाकडे चाललेत."

"ते रोख घेणार आहेत का?"

नितीन म्हणाला, "घेतील ना थोडे. सगळे घेतात."

पवारबाई हळूच म्हणाल्या, "सोमण म्हणालेत, एक रुपया रोख नको. सगळं खात्यावर." आणि मग जणू स्वतःलाच विचारल्यासारखं, "मग त्या बॅगेचं मी काय करणार होते रे, नितीन?"

मी घेणाऱ्यांकडे वळले आणि पूर्ण रकमेचा चेक देता येईल का असं विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, "बेन, मारी पासे चेकना आटला ज छे. बाकीना रोकडा." चेकने द्यायला एवढेच, बाकीचे रोख. त्यांनी स्वतःची जमीन तशीच विकली होती. तो पैसा बँकेत घालता येईना, म्हणून तसाच पुढे सरकवायचा होता. त्यांचंही मला वाईट वाटलं. उन्हात बॅगेवर पाय ठेवून बसले होते बिचारे, तहान लागली तरी उठायची सोय नाही.

"तो पछी रहेवा दो," ते म्हणाले. मग राहू द्या.

आतून नंबर पुकारला गेला. पवारबाईंचा. कारकुनाने दोनदा हाक मारली. बाई उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "आज नहीं करवानुं." परत आल्या, पिशवीतले कागद पुन्हा तारखेप्रमाणे लावले आणि नितीनला म्हणाल्या, "यांनी दिलेला बयाणा उद्या परत कर. चल, मास्टर एकटे आहेत."

परतीच्या वाटेवर आम्ही नितीनच्या गाडीत होतो. दोन्हीकडे ऊस. कडोदरा आलं तेव्हा बाईंनी विचारलं, "दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही तर?"

"मिळेल."

"सोमण थांबले नाहीत तर?"

कर वाचवायचा हक्क सांगून मी त्यांचा हातातला सौदा मोडला होता. आता तो हक्क बजावायला विकत घेणारा कुठून आणणार? पुढचे साडेतीन महिने माझ्या धंद्यातले सर्वांत वाईट. दर आठवड्याला नितीनचा फोन यायचा. आधी रागाने, मग नुसता थकलेला. जे येत ते अर्धे रोख म्हणत. मी सोमणांकडे जाऊन दसऱ्यापर्यंत थांबायची विनंती केली. ते म्हणाले, "बाई, मी पवारांसाठी थांबतो ते त्या गृहस्थांच्या पायांकडे बघून. पण मुलगा तिकडे घाई करतोय."

एका सकाळी विवरणपत्रांचा गठ्ठा पुढ्यात असताना मला एक गोष्ट सुचली. ती आधी का सुचली नाही, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. पवारबाईंसाठी जसं घराचं कलम होतं, तसंच शेतकऱ्यासाठी दुसरं आहे. शहराजवळची शेतजमीन विकली आणि दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर त्यालाही करात सूट. म्हणजे कुठेतरी असा एक शेतकरी असणार, ज्याची जमीन चेकने विकली गेली आहे, पैसा बँकेत पडून आहे आणि मुदत संपत आली आहे. त्याला दस्तावर पूर्णच किंमत लिहायला हवी असणार. कमी लिहिली तर त्याचीच सूट कमी होईल.

मी वही काढली आणि फोन करायला बसले. नवसारी, व्यारा, कामरेज, बारडोली. माझ्यासारखी कामं करणारे जेवढे माहीत होते तेवढ्यांना. एकच प्रश्न: तुमच्याकडे असा कुणी आहे का? बऱ्याच जणांनी हसून फोन ठेवला. कामरेजच्या भरतभाईंनी मात्र लगेच म्हटलं, "बेन, बे भाई छे. दिवाळीए मुदत पूरी थाय छे. मने रोज फोन करे छे." दोन भाऊ, मुदत दिवाळीला संपते, आणि रोज त्यांना फोन करून भंडावतात.

ते दोघे भाऊ पुढच्याच रविवारी जमीन बघायला आले. धोतर आवरून उसात शिरले, माती हातात घेतली, विहिरीत डोकावले. भाव पहिल्यापेक्षा थोडा कमी दिला. पण पूर्ण चेकने, आणि दस्तावर शेवटचा रुपया लिहून. पवारबाईंनी त्यांना विचारलं, "ऊसच लावणार ना?" थोरला म्हणाला, "बीजुं शुं?" दुसरं काय लावणार, असं. तेव्हा बाई पहिल्यांदा मोकळ्या दिसल्या. प्लॉट पडणार नव्हते. वडिलांच्या जमिनीत ऊसच उभा राहणार होता.

दसऱ्याच्या आत दोन्ही दस्त झाले. जमिनीचा बारडोलीला, घराचा सुरतेत. थोडे पैसे उरले, त्यावर थोडा कर बसला. तो बाईंनी स्वतः बँकेत जाऊन भरला आणि चलनाची प्रत पिशवीत तारखेप्रमाणे लावली.

नंतर मी बसून विचार केला, की अशी भाषणं देऊन मी आजवर किती जणांना दाराबाहेर घालवलं असेल. बमरोलीचा एक मागवाला असाच गेला होता. गरज काय आहे ते मी विचारलं नाही, फक्त "असलं काम मी करत नाही" म्हणाले. तो दुसऱ्याकडे गेला, खोट्या बिलांच्या फेऱ्यात अडकला आणि शेवटी माग विकून गावी परतला. चोरी त्याची होती, हे खरंच. पण त्याच्यासाठी एखादी सरळ वाट होती का, हे मला आता कधीच कळणार नाही. पवारबाईंनंतर मात्र खुर्ची पुढे ओढणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारत आले: पैसे कशाला हवेत? दहातल्या तिघाचौघांना तरी कायद्यातच वाट सापडायची. उरलेल्यांना नाही म्हणायचे, पण चहा पाजून.

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. दीड वर्षाने पवारबाईंना प्राप्तिकर खात्याची नोटीस आली. एवढी मोठी सूट मागितली आहे, तपासणीसाठी कागद सादर करा. आता अधिकाऱ्याचं तोंडही दिसत नाही. सगळं संगणकावर पाठवायचं आणि वाट बघायची. बाईंनी लगेच फोन केला. "ताई, आपण सगळं खरं केलं ना?"

"सगळं खरं केलं, बाई."

असं म्हटलं खरं, पण रात्रभर माझा डोळा लागला नाही. सकाळी त्यांची पिशवी आली. मी एकेक कागद काढत गेले. जमिनीचा दस्त, पूर्ण किमतीचा. बँकेची पानं. सोमणांना दिलेले चेक. घराचा दस्त, बाईंच्या नावाचा. कराचं चलन. अधिकाऱ्याने जे जे मागितलं होतं ते ते होतं. कपाटात ठेवावा असा एकही कागद नव्हता. नोटिशींची उत्तरं मी आयुष्यात शेकड्यांनी लिहिली असतील, पण इतकं छोटं कधी लिहिलं नव्हतं.

दोन महिन्यांनी आदेश आला. सूट मान्य. वाढीव मागणी काही नाही. मी तो तीनदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि टेबलावर डोकं टेकून पाच मिनिटं तशीच बसले. खालून साड्यांच्या खोक्यांवर चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता. मग पवारबाईंना फोन लावला.

पलीकडे रस्त्याचा गोंगाट होता. कुणीतरी पुरुष गुजरातीत तावातावाने बोलत होता. भेंडी कोवळी नाही, कालची आहे, आणि नवख्यांना हा भाव सांग, मला नको.

"बाई, आदेश आला!" मी ओरडून सांगितलं. "सगळं मान्य झालं!"

"काय? ऐकू येत नाही हो, ताई," बाई म्हणाल्या. "जरा थांबता का? हे भाजीवाल्याशी भांडताहेत. आम्ही गेटाबाहेर आलोय. सोडवते आणि करते फोन."

"भांडू द्या त्यांना," मी म्हणाले. "मला घाई नाही."